मदत हवी आहे: मांजरीच्या पिल्लांचे डोळे चिकटलेत, डोंबिवलीत रविवारी उघडा दवाखाना?

आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये भाटी व्यायली आहे. पिल्लं साधारण दहा-बारा दिवसांची असावीत. दोघांचे डोळे नीट उघडले, पण तिसऱ्याच्या बंद पापणीखाली फुगवटा आलाय आणि कोपऱ्यातून पिवळा पू येतोय. चौथं शिंकतंय, त्याचाही एक डोळा चिकटायला लागलाय.

उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसतेय, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. पापणी ओढून उघडलेली नाही. शेजारच्या काकू घरातले माणसांचे ड्रॉप्स घाला म्हणतात, पण त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळाच जायचा, म्हणून घातले नाहीत. (दूध आणि हळद सुचवणाऱ्यांनी कृपया क्षमा करावी.)

पापणीआड पू साचून राहिला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून उद्यापर्यंत थांबायचं नाहीये. पूर्वेला किंवा ठाकुर्लीकडे आज कोणते डॉक्टर इतकी लहान पिल्लं बघतात? आईलाही सोबत न्यावं का? ती पिंजऱ्यात येत नाही, आणि पिल्लं तासभर तिच्यापासून दूर राहिली तर ऊब कशी टिकवायची?