शर्यतीचे फोटो: शटर आणि तिथी

शर्यतीच्या फोटोंच्या चर्चेत सगळे सांगतात, ‘शटर १/१००० सेकंदाच्या खाली (म्हणजे त्याहून हळू) नको’. बैलगाडी शर्यतीला हे मला अजिबात पटत नाही. इतक्या वेगवान शटरने चाकाचे आरे मोजता येतात आणि धावती गाडी उभी वाटते. मी १/६० वर गाडीसोबत कमरेतून वळत राहतो. पुष्कळ फोटो वाया जातात, पण उरतात त्यांत वेग दिसतो. भर उन्हात एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काळपट काच) मात्र हवाच.

ओहोटीचं कुणीच बोललं नाही. आमच्या अलिबागकडे किनाऱ्यावरच्या शर्यती ओल्या, घट्ट पुळणीवर होतात, म्हणून आधी तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण तितक्या वाजता भरती येते, पुढे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास, डोक्यावर ऊन. पौर्णिमेला ती संध्याकाळी येते. तेव्हाचा तिरपा उजेड आणि उडणारं पाणी, त्यासाठी मी रजा टाकतो.