मदत हवी आहे : हिरड्यांच्या आजारातून शस्त्रक्रियेविना बरे होण्याबाबत

नमस्कार. नाशिक रोडला राहणाऱ्या माझ्या आईला मधुमेह असून तिच्या दाढांभोवतीच्या हिरड्यांतील फट, जी निरोगी माणसात 3 मिलिमीटरपर्यंत असते, 6 मिलिमीटर खोल आढळली. दंतवैद्यांनी शस्त्रक्रिया न करता, भूल देऊन हिरडीखालचे कीटण काढले व दातांची मुळे साफ केली. रोज सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये दिसणारे रक्त आता थांबले, याचा फार दिलासा वाटतो. मात्र सूज उतरल्यावर मुळे उघडी पडल्याने तिला द्राक्षाचा गारवाही सोसत नाही.

हा उपचार घेतलेल्यांपैकी कोणी सांगू शकेल का, की ही झिणझिण किती दिवसांत कमी झाली, आणि फेरतपासणीत फट खरोखरच भरून आलेली दिसली का? साखर आटोक्यात ठेवण्याचा हिरड्यांवर झालेला परिणामही कृपया कळवावा.