नेमाने येणाऱ्याला काय म्हणतात? गोव्यातले अनुभव

एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या माणसाला मराठीत सरसकट असं एक नाव नाही. पंढरपूरला जातो तो वारकरी, दुकानात गिऱ्हाईक, वाचनालयात सभासद, नाटकाला रसिक. सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्याला तर नावच नाही, नुसता टोकन नंबर! गोव्यात यात कोंकणीची आणि पोर्तुगीज अमदानीची भर पडते. तुम्ही नेमाने जिथे जाता तिथे तुम्हाला काय म्हणतात, आणि ते पटतं का, हे लिहा. व्युत्पत्त्या नकोत, अनुभव हवेत.

फोंड्याहून

देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन आल्यापासून सकाळी दर्शन घेतल्याशिवाय चहा घेतलेला नाही. भटजी, वाजंत्री, फुलं विकणारी, सगळ्यांना मी ठाऊक. तरी देवस्थानाच्या लेखी मी भाविक. मुंबईहून वर्षातून एकदा गाडी भरून येणारं कुटुंब मात्र कुळावी, कारण तो त्यांचा कुलदेव. त्यातही ज्यांची नावं यादीत, ते महाजन. समिती त्यांची, मतं त्यांची. नुसता रिवाज म्हणावा तर तसंही नाही, पोर्तुगीजांनी १९३३ मध्ये केलेले महाजनीचे नियम त्यामागे आहेत.

नवी होते तेव्हा याचा राग यायचा. मग सासऱ्यांनी समजावलं. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं मोडू लागले तेव्हा हे देव जुवारी नदी ओलांडून अंत्रूजात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे आणले, कारण इथे तेव्हा त्यांचा अंमल नव्हता. म्हणजे देवच आमच्या गावी पाहुणा आला आणि त्याची माणसं पांगली. ती वर्षातून एकदा का होईना, त्याला शोधत येतात, तर त्यांचा हक्क मोठा. हे पटलं. तरी जत्रेच्या रांगेत कुणी ‘जरा सरका, कुळावी आहेत’ म्हटलं की कपाळावर आठी पडते ती पडतेच.

डिचोलीहून

आमच्याकडे आजोबा धोंड, मग काका, आता मी. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला, वैशाख शुद्ध पंचमीला, होमकुंडातून चालत जातात ते धोंड. व्रताचे दिवस लागले की तळीवर अंघोळ, जेवण वेगळं शिजवायचं, हातात रंगीत गोंड्यांची बेतकाठी. एरवी मी बँकेत कारकून.

भाविक जत्रेला येतात, मनात आलं नाही तर येत नाहीत. धोंडाचं तसं नसतं. बेतकाठी घरात असते ना वर्षभर, ती विसरू देत नाही.

पुण्याच्या मेव्हण्याला पहिल्यांदा सांगितलं, मी धोंड आहे, तेव्हा तो म्हणाला, ‘आमच्या ताईच्या गळ्यातली का?’

म्हापशाहून

आम्ही हिंदू, पण मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे चर्चमधल्या मेरीमातेच्या फेस्ताला (सणाला) दरवर्षी तेल घेऊन जातो. ती लईराईची बहीण, असं आमच्याकडे मानतात. तिथे जाणाऱ्या आमच्यासारख्यांना काहीच नाव नाही आणि कुणी विचारतही नाही. बरंच आहे.

पणजीहून

मी ‘पडीक’. पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत. ही संस्था १८३२ ची, आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसणारे काही आजोबा तेव्हापासूनच असावेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनाही घरचे पडीकच म्हणतात, पण नोकरी लागली की तेच घरचे ‘अभ्यासू’ म्हणू लागतात. माझी काही लागायची नाही, मी निवृत्त आहे.

मडगाव–पणजी शटलवरून

पासवाले. बस्स.

गिरगावातून, मूळ पेडणे

गावात आम्ही मुंबयकार. चवथीला येतो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला उशीर झाला की ‘मुंबयकार आयले’ अशी आरोळी ठोकतात. शेजारच्या सिंधुदुर्गात चाकरमानी म्हटलं असतं, त्यात निदान कमावतो असा मान आहे. दारात पहिला प्रश्न ‘केन्ना आयलो?’ आणि उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा, ‘केन्ना वतलो?’ प्रेमानेच विचारतात, माहीत आहे. पण बॅग तरी खाली ठेवू द्या की!

बार्देशातून

वडिलांचं तावेर्न, म्हणजे छोटं दारूचं दुकान आहे. सीझनमध्ये येणारा टुरिस्ट. एक रशियन जोडपं दर हिवाळ्यात येतं, ते गिरायक. रोज संध्याकाळी त्याच बाकावर बसणारी मंडळी यांपैकी काहीच नव्हेत, ती ‘वहीतली’. उधारीच्या वहीत नाव चढलं की माणूस घरचा झाला. उर्राकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) दिवसांत, मार्च-एप्रिलात, वहीची पानं भराभर भरतात. परवा एकाची बायको दारात येऊन विचारू लागली, ‘आमचो बेबदो (दारुडा) हांगा आसा?’

वडील म्हणाले, ‘आसा. पूण फाटल्या म्हयन्याचे दी आनी व्हर.’ (आहे. पण मागच्या महिन्याचे दे आणि घेऊन जा.)