समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवय कशी लावायची?

मोटरवाला_सांगली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतीपंप, सबमर्सिबल, स्टार्टर, जे येईल ते. वय ४९, धंद्यात २६ वर्षं. एवढ्या वर्षांनी काय होतं, गिऱ्हाइकानं फोनवर "मोटर" म्हटलं की पुढचं आपल्याला आपोआप दिसायला लागतं. नुसती गुणगुणतेय, फिरत नाही म्हणाला की एक फेज गेलाय नाहीतर बेअरिंग जाम. पाणी चढत नाही म्हणाला की फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप. खोटं कशाला बोलू, मला याचा अभिमानच होता. गावात म्हणायचे, ह्याला अर्धं सांगितलं तरी पुरतं.

मागच्या महिन्यात पलूसच्या बाजूला एका मळ्यात गेलो. इथून तीसेक किलोमीटर. गाडीत नवा फूटव्हॉल्व्ह, पाइप पाना, विहिरीत उतरायला दोर आणि एक पोरगा, अशी सगळी तयारी. शेतकरी फूटव्हॉल्व्हकडे बघून म्हणाला, "ह्यो कशाला आणलासा? दिवाळीतच नवा घातलाय की." मोटर चालू करून दाखवली. पाणी धो धो. आम्ही बांधावर उभे. बारा मिनिटांनी खट्‌ आवाज आला आणि मोटर बंद. "ह्येच सांगत हुतो फोनवर."

स्टार्टर उघडला. त्यात रिले असतो, जादा तापलं की मोटर बंद पाडणारा. त्याच्याखालचा एक स्क्रू ढिला, वायरीचं टोक काळं पडलेलं. तिथंच तापायचं आणि त्या तापानं रिले पडायचा. टोक कापून नवं सोललं, स्क्रू आवळला, झालं. दुकानातनंच हे ओळखलं असतं, तर नुसता एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो असतो. विहिरीत उतरवायला आणलेला पोरगा तेवढ्यात ऊस खाऊन घेत होता.

माझ्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. भाव ठरवताना पुढं वाद नको म्हणून ठेवलंय. येताना चहाला थांबलो तेव्हा तो कॉल काढून ऐकला. जेमतेम पावणेदोन मिनिटांचा.

"मोटर चालू हाय, पाणी बी येतंय, पर..."
"कमी येतंय ना? फूटव्हॉल्व्ह."
"न्हाई ओ, धा-बारा मिन्टं..."
"हवा धरत असणार. उद्या येतो."
"तसं न्हाई, मी काय म्हंतो..."
"आल्यावर बघू की."
"बरं. या."

ते "बरं. या." माझ्या कानातनं जाईना. पत्त्यात हात हरल्यावर माणूस पानं खाली टाकतो ना, तसं होतं ते.

तिथंच थांबायला पाहिजे होतं, पण मी आणखी कॉल ऐकत बसलो. त्यात मुलीचा निघाला. ती पुण्यात नोकरीला आहे. "बाबा, आज ऑफिसात ना..." आणि मी, "पगार झाला का?" मग पाच सेकंद काहीच नाही. मग, "आई आहे का जवळ?" आईशी ती अर्धा-पाऊण तास बोलते. माझ्याशी दोन मिनिटं. मी आजवर म्हणत आलो की मुली आईशीच बोलतात, जगरहाटी आहे.

तर प्रश्न असा, की ही सवय कुणी खरोखर मोडलीय का? "शांतपणे ऐकायला शिका" हे मलाही माहीत आहे. अडचण ही आहे की ज्या क्षणी ते घडतं तेव्हा कळतच नाही. कळेपर्यंत जीभ पुढं गेलेली असते. आणि माझ्या धंद्यात फोनवर ध्यान लावूनही चालत नाही. शेतीला दिवसाची आठ तास लाइट, त्यात मोटर बंद पडलेला माणूस घायकुतीला आलेला असतो. हाताशी धरता येईल अशी काही युक्ती असेल तर सांगा.

बिनकामाचा_पाटील

रोज एक तास मौन पाळा. २१ दिवसांत सवय लागते. करून बघा.

परत_आलेला

मौनाचं म्हणाल तर मी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय. पहाटे चारला घंटा, फोन जमा, कुणाशी नजरसुद्धा मिळवायची नाही. नऊ दिवस एक शब्द नाही. मला वाटलं आपण आता वेगळाच माणूस झालो. दहाव्या दिवशी मौन सुटलं. शेजारच्या खोलीतले काका सांगायला लागले की चौथ्या दिवशी मला फार... आणि मी म्हणालो, "हो, माझाही गुडघा!"

शिबिराचा मला दुसरीकडे उपयोग झाला, त्याला नावं ठेवत नाही. पण गप्प बसणं आणि ऐकून घेणं ही दोन वेगळी खाती आहेत.

दाराची_कडी

नाशिकला २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. तुमचा रोग आमच्या धंद्यातला आहे, आणि तो मोजलेलाही आहे. अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटची संभाषणं रेकॉर्ड करून तपासली. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये पडत होते. २०१८ साली तिथल्याच आणखी एका अभ्यासात हा आकडा ११ सेकंदांवर आला. तुमचा फूटव्हॉल्व्ह तशी आमची ॲसिडिटी.

गंमत पुढं आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं की पेशंटला बोलू द्या, मध्ये पडू नका, नुसतं घड्याळ लावा. ३३५ पेशंट. २००२ साली छापून आलं. आपणहून बोलणं थांबवायला लोकांना सरासरी ९२ सेकंद लागले. दीड मिनिट! आपण ज्याला घाबरून तोडतो ते दीड मिनिटाचं असतं.

मी हे वाचलं तेव्हा टेबलावरचं घड्याळ मला दिसेल असं फिरवून ठेवलं. दीड मिनिट फक्त पेन हातात. आधी व्हायचं काय, तपासून, औषध लिहून झालं की पेशंट उठायचा, दारापाशी जायचा आणि कडीला हात घालून म्हणायचा, "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." खरा आजार तो असायचा. आता कडीपाशी थांबणारे कमी झालेत. संपले नाहीत.

पाटीलसाहेब, २१ दिवसांचं जरा जपून. एका प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं "किमान" पुढं गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांना रोजची एखादी नवी गोष्ट करायला लावून पाहिलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला, सरासरी ६६. आणि एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. मोटरवाले, हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण तुमचे दिवस चुकणार आहेत.

आमसूल

दुसऱ्या बाजूनं लिहिते. आमच्या यजमानांना हीच सवय. लग्नाला ३१ वर्षं झाली. माझं वाक्य त्यांनी तोडलं की मी भाजी ढवळायला घेते. भाजी झालेली असली तरी ढवळते. त्यांच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. वाटतं, हिला स्वयंपाकाची फार आवड.

राग वगैरे येत नाही हो आता. फक्त पुढच्या वेळी काही सांगायचं मनात आलं की आधी विचार येतो, हे पूर्ण सांगण्याइतकं महत्त्वाचं आहे का? बहुतेक वेळा नसतं.

कोपनहेगनकर

मूळची चिपळूणची, सहा वर्षं डेन्मार्कमध्ये. मला वाटायचं इथले लोक मुखदुर्बळ आहेत. मग टीममधल्या एकीनं हळूच सांगितलं की तू कुणाला वाक्य संपवू देत नाहीस. मी म्हटलं, अगं तू थांबली होतीस! ती म्हणाली, मी श्वास घेत होते.

नंतर याच्या मागे लागून वाचलं. २००९ साली एका मोठ्या गटानं दहा भाषांतली संभाषणं मोजली. एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात सगळीकडे मिळून सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी फट असते. दहांत सगळ्यात मोठी फट निघाली डॅनिशची, सगळ्यात छोटी जपानीची. मराठी त्यात नव्हती. आमच्या घरी जेवताना मोजली असती तर शून्याच्या खाली गेली असती. पाच जण एकदम बोलतात आणि कुणालाच तोडल्यासारखं वाटत नाही. उलट गप्प बसलं की आई विचारते, बिनसलं का काही.

मुद्दा हा, की एक शब्द जुळवून तोंडाबाहेर काढायलाच डोक्याला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच सगळेच जण आपलं उत्तर बांधायला घेतात. तुमचं डोकं काही वेगळं नाही, फक्त ते मालाची डिलिव्हरी फार लवकर करतं. मी मीटिंगमध्ये कॉफीचा कप ओठांना लावून ठेवते. घोट घेतच नाही बऱ्याचदा.

तिहाई

कप, घड्याळ ठीक आहे. पण फोनवर तुम्ही एकदम गप्प झालात तर शेतकऱ्याला वाटेल रेंज गेली.

मी भजनाला तबल्याची साथ करतो. नवा होतो तेव्हा बुवांची ओळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायच्या आतच माझा तुकडा वाजायचा. हात चांगला होता, तोच नडायचा. गुरुजी काही बोलायचे नाहीत, नुसता डग्ग्यावर हात ठेवायचे. आवाजच बंद. चारचौघांत. मग एकदा म्हणाले, "तुला थांबायला कोण सांगतंय? ठेका धर की." ठेका म्हणजे शांतता नव्हे. वाजवत राहायचं, पण गाणाऱ्याला हे कळलं पाहिजे की वाट त्याची आहे.

फोनवरचा ठेका म्हणजे "हं", "बरं", "मग?". "मग" हा तर फार गुणी शब्द आहे. एवढंच वाजवा. तुमचा फूटव्हॉल्व्हचा तुकडा सम आल्यावर.

मोटरवाला_सांगली

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, दीड मिनिटाचं पटलं. तिहाई, "मग" लिहून फोनच्या कव्हरमागं चिकटवलाय. आमसूलताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी पण ढवळते."

मोटरवाला_सांगली

पाच आठवडे झाले. कुणी विचारलेलं नाही तरी लिहितो.

मला उपयोगी पडली ती वही. दोनशे पानी लाँगबुक आणलं आणि फोनशेजारी ठेवलं. नियम एकच. गिऱ्हाईक जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, माझं निदान नाही. हात लिहीत असला की जीभ जरा मागं राहते, का ते ठाऊक नाही. आणि वाचायला मजा येते. "मोटर रडल्यासारखी वाजतीया." "सकाळी चांगली असती, जेवणानंतर बिघडती." "हात लावला की मुंग्या येत्यात." हे शेवटचं आधी माझ्या कानापर्यंत पोचलं असतं की नाही देव जाणे. तक्रार पाणी कमी येण्याची होती, मुंग्यांचं तो अगदी शेवटी, जाता जाता बोलला. तिथल्या तिथं मेन स्विच पाडायला लावला, आणि अर्थिंग बघायला त्याच दुपारी गेलो.

पहिल्या आठवड्यात लोक "हॅलो? हॅलो? कट झाला काय?" करायचे. "हं" लावल्यापासून ते कमी झालं. दुकानातल्या पोरानं विचारलं, "मालक, तब्येत बरी हाय न्हवं?"

सगळंच सुधारलं असं नाही. दिवसातनं चार-पाच वेळा तरी अजून तोडतोच. घाईच्या वेळी जास्त. आणि डॉक्टर, तुमचे ते ९२ सेकंद आमच्या एका गिऱ्हाइकाला लागू नाहीत. त्यानं मोटर सांगायच्या आधी भाच्याच्या लग्नातलं मानापमान नाट्य अकरा मिनिटं सांगितलं. वहीत लिहिलंय सगळं. अशाला तोडावंच लागतं, त्यात मला काही वाईट वाटलं नाही.

परवा रविवारी मुलीचा फोन बायकोच्या मोबाइलवर आला. बायको अंघोळीला, म्हणून मी उचलला. म्हणाली, "काही नाही हो बाबा, रूमवरचा गिझर तापतच नाहीये." आता गिझर म्हणजे माझ्या घरचंच काम. थर्मोस्टॅट जिभेवर येऊन बसला होता. वही दुकानात. मी बायकोच्या वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर लिहिलं, "गिझर तापत नाही," आणि म्हणालो, "मग?"

ती जरा थांबली. "मग काय, आठ दिवस गार पाण्यानं अंघोळ. घरमालकाला सांगायचं होतं, पण रूममेट सोडून चाललीय, तिच्या डिपॉझिटवरनं आधीच त्याच्याशी वाजलंय." मी म्हणालो, "बरं." मग ती रूममेटचं सांगायला लागली. मग एकटीला भाडं परवडणार नाही ते. मग ऑफिसातलं, जे त्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धं राहिलं होतं, बहुतेक तेच. बायको केस पुसत आली आणि हातानं विचारलं, कोण? मी खुणेनंच तिला बसायला सांगितलं.

सव्वीस मिनिटं. यादीची पाठ भरून पुढच्या बाजूला तूरडाळ, साबण यांच्या मधल्या जागेत लिहीत होतो.

गिझरचं नेमकं काय झालंय ते विचारायचं राहूनच गेलं. शनिवारी पुण्याला जाऊन बघून येतो.