गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंत कोणत्या मापाचे पाइप घालावेत?

रामबागवासी (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. इंदूरच्या रामबागेत सासऱ्यांनी १९७९ साली बांधलेले आमचे दुमजली घर आहे. त्यातील जस्ती लोखंडी पाइप आतून गंजले असून वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात शॉवरचे पाणी जेमतेम ठिबकते. नर्मदेचे पाणी आम्ही हौदात साठवून पंपाने गच्चीवरील १,००० लिटरच्या टाकीत चढवतो. ही टाकी स्लॅबपासून दीड मीटर उंच चौथऱ्यावर आहे. आता सगळे पाइप सीपीव्हीसीचे (गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकचे) घालून गच्चीवर २०० लिटरचा सोलर हीटरही बसवायचा आहे. प्लंबरचे म्हणणे असे, की जुनी मुख्य लाइन पाऊण इंची होती, म्हणून नवीही पाऊण इंची घालावी आणि भिंतीत अर्धा इंच पुरेल. शेजारी मात्र थंड आणि गरम अशा दोन्ही लाइनी सरसकट एक इंची घालायला सांगतात. भिंती पुन्हा फोडण्याची आमची तयारी नाही, म्हणून जाणकारांनी कारणासह सांगावे, ही विनंती.

निवृत्त पाणीपुरवठा अभियंता

ताई, टाकीच्या पाण्याला दाब मिळतो तो केवळ उंचीमुळे. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब, असा हिशेब आहे. तुमच्या टाकीतले पाणी तळाशी आले असता टाकीचा तळ आणि वरच्या मजल्यावरील शॉवर यांच्यात सुमारे अडीच मीटरचे अंतर उरत असेल, म्हणजे हाती फक्त पाव किलो दाब आहे. पाइप कोणताही घातला तरी तो या दाबात भर घालत नाही. तो दाब किती खातो, एवढेच आपल्याला ठरवता येते.

शॉवरला मिनिटाला १२ लिटर पाणी हवे असे धरू. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपातून एवढे पाणी दहा मीटर नेताना सुमारे २.६ मीटर उंचीइतका दाब घर्षणातच संपतो, म्हणजे तुमच्याकडे आहे तेवढा सगळा. पाऊण इंचीत हाच खर्च सुमारे ०.४५ मीटर आणि एक इंचीत जेमतेम ०.१२ मीटर होतो. घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलते, त्यामुळे मापातील थोडासा फरकही इतका मोठा ठरतो. शिवाय प्रत्येक एल्बो (काटकोनी वळणाचा जोड) अर्ध्या मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो, हेही धरावे लागते.

तुमच्या प्लंबरच्या हिशेबात एक गोष्ट सुटली आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. जस्ती पाइपाचे आणि सीपीव्हीसीचे नाव एकच असले तरी आतला व्यास एक नसतो. पाऊण इंची जस्ती पाइप नवा असताना आतून सुमारे २१.५ मिलिमीटर असतो, तर जाड भिंतीचा (एसडीआर ११) पाऊण इंची सीपीव्हीसी आतून १८ मिलिमीटरच भरतो. अर्धा इंचीत हेच आकडे सुमारे १६ आणि १२.५ असे आहेत. म्हणजे ‘जुन्याच मापाचा’ पाइप घातला, तर प्रत्यक्षात तुम्ही एक पायरी खाली उतरता.

म्हणून टाकीतून निघणारी लाइन सव्वा इंची, तिथून प्रत्येक न्हाणीघरापर्यंत थंड पाण्याची लाइन एक इंची, आत पाऊण इंची आणि नळाकडे वळणारा शेवटचा एखादा मीटरच अर्धा इंची ठेवावा. कमोडला साधी फ्लशची टाकी असेल, तर तिला अर्धा इंच पुरतो. फ्लश व्हॉल्व्ह (फ्लशच्या टाकीशिवाय थेट लाइनमधून पाणी सोडणारा) असेल, तर त्यासाठी टाकीपासून सव्वा इंची स्वतंत्र लाइनच हवी.

लोकमान्यनगरकर

अभियंतासाहेबांशी मी सहमत आहे, परंतु गरम पाण्याची लाइनही सरसकट एक इंची घालण्याची जी चूक आमच्या घरी झाली, ती आपण करू नये. सोलर हीटरपासून खालच्या न्हाणीघरापर्यंत आमची लाइन अठरा मीटर आहे. एक इंची पाइपात दर मीटरला सुमारे ०.४३ लिटर पाणी मावते, म्हणजे रोज सकाळी गरम पाणी येण्याआधी पावणेआठ लिटर गार पाणी सोडावे लागते. पाऊण इंची पाइपात ते साडेचार लिटरच्या आसपास राहिले असते. जे पाणी नर्मदाकाठच्या जलूद गावाहून नदीतून उपसून इतक्या चढावर आणले जाते, ते असे मोरीत जाताना पाहणे जिवावर येते. आता आम्ही ते बादलीत धरून झाडांना घालतो.

उन्हाळ्यात तुम्ही बोअरिंगचे पाणी वापरत असाल, तर ते सोलर हीटरला देऊ नये. ते जड पाणी तापले की क्षार खाली बसतात, आणि काळजीपूर्वक निवडलेला पाइप आतून पुन्हा अरुंद होतो.

रामबागवासी

दोघांचेही मनापासून आभार. आकडे समोर ठेवल्यावर प्लंबरनेही मान्य केले. आता तो सुचवतो, की दाब कमीच आहे, तर थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप बसवावा. हे योग्य होईल का?

निवृत्त पाणीपुरवठा अभियंता

तसे करू नये. मिक्सर नळात थंड आणि गरम पाण्याचा दाब जवळजवळ सारखा असावा लागतो. एकाच बाजूला पंप लावला, तर थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटते आणि सोलर हीटरच्या हवेच्या पाइपातून बाहेर सांडू लागते. दोन्ही लाइनींच्या आधी पंप लावायचा म्हटले, तर साध्या सोलर हीटरची टाकी तो दाब सहन करण्यासाठी बनवलेली नसते.

त्याऐवजी चौथरा अर्धा-पाऊण मीटर उंच करून घ्यावा, मात्र पाण्याच्या वजनासाठी खालच्या भिंतीचा आधार तपासावा. सोलर हीटरसाठीही ते आवश्यक ठरू शकते, कारण थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलर हीटरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर असला पाहिजे. खरेदीपूर्वी दोन्ही उंची टेपने मोजाव्यात. गरम लाइन मात्र पाऊण इंचीच ठेवा आणि तिच्यावर गच्चीत उष्णतारोधक वेष्टण घाला. लाइनीत कुठेही वर जाऊन खाली येणारा उंचवटा ठेवू नये, कारण तिथे हवा अडकते आणि इतक्या कमी दाबात ती आपोआप निघत नाही. गिलावा करण्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून हातपंपाने दाब चढवावा, काटा खाली येतो का ते तास-दोन तास पाहावे, आणि त्यानंतरच गवंड्याला बोलवावे.