खेड्यातच जास्त माणसं का मरतात रस्त्यावर?

माळरान: गेल्या गाळप हंगामात आमच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉलीला मागनं बाईक धडकली, दोन्ही पोरं जागेवर गेली. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, रस्त्याला दिवा नाही. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं अपघातात मेली, त्यातली ६८ टक्के ग्रामीण भागात, आणि हेल्मेटची मोहीम बघावी तर कायम शहरातच.

सिग्नलवाला: दुःख समजतं दादा, पण हा आकडा असा वापरू नका. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण लोकसंख्याही ६८.८ टक्केच होती, म्हणजे माणशी हिशोब केला तर दोन्हीकडे जवळपास सारखंच. शिवाय मोजणी अपघात कुठं झाला त्यावर होते, मेलेला कुठला त्यावर नाही. जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जण गेले, ती बस नागपूरहून पुण्याला चालली होती, त्यात तिथल्या गावकऱ्यांचा काय संबंध?

माळरान: माणशी कशाला मोजता, गाड्या मोजा ना! आमच्याकडं गाड्या किती आणि शहरात किती, एवढ्या कमी गाड्यांत एवढी माणसं जातात हेच तर सांगतोय. शहरात ट्रॅफिकमुळे गाडी पळतच नाही, ठोकलं तर बंपर जातो, इथं मोकळा रस्ता म्हणून सगळे ऐंशीनं येतात आणि समोरासमोर धडकतात.

वॉर्डातली ताई: मी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. डोक्याला मार लागलेला पेशंट येतो तेव्हा आमच्याकडं ना सीटी स्कॅन ना न्यूरोसर्जन, सलाईन लावायची, रक्त थांबवायचं, आणि १०८ बोलवून जिल्ह्याला पाठवायचं, त्यात दीड-दोन तास जातात. तेवढ्यात शहरातला पेशंट टेबलावर असतो हो. आणि लोक अजून उचलायला घाबरतात, पोलीस त्रास देतील म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, हे गावात कुणी सांगितलंच नाही.

सिग्नलवाला: ताई, उपचाराचं शंभर टक्के मान्य. पण "इथंच तर जायचंय" म्हणत हेल्मेट घरी ठेवणारे, एका बाईकवर चौघं बसणारे, हे कोण थांबवणार? सरकार?

माळरान: हेल्मेट घातलं पाहिजेच, मी पोराला घालायला लावतो. पण अंधारात उभी ट्रॉली हेल्मेटला दिसत नाही. कारखान्यानं गेटवरच रिफ्लेक्टर तपासावा, नसेल तर ऊस घेऊ नये, येत्या हंगामाआधी ग्रामसभेत हा विषय मी मांडणारच आहे.