मदत हवी आहे: पिरेनीजमधील पहिल्या दिवसाच्या उताराविषयी

नमस्कार. एप्रिलच्या मध्यास मी वडिलांसह स्पेनमधील सान्तियागोपर्यंतची तीर्थ-पदयात्रा फ्रान्समधील सेंट-जाँ-पिए-द-पोर येथून सुरू करणार आहे. पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमधील रोन्सेस्वालेसपर्यंतचा पहिलाच टप्पा सुमारे २५ किलोमीटरचा असून लेपोएडरची खिंड साधारण १,४३० मीटर उंचीवर आहे. चढाची मला फारशी धास्ती नाही, कारण वडिलांचा दम चांगला आहे. मात्र जिना उतरताना ते कठडा धरून, पाऊल आडवे टाकत उतरतात, आणि खिंडीनंतरचा बीचच्या जंगलातून जाणारा थेट उतार चांगलाच तीव्र आहे. चढावरच्या ओरिसाँ या निवाऱ्यात मुक्काम केल्यास चढ विभागला जातो, पण उतार दुसऱ्या दिवशी तसाच शिल्लक राहतो, हे नियोजनात सहज विसरले जाते.

त्याऐवजी लेपोएडरवरून इबान्येता खिंडीकडून उतरणारी वाट लांब पण सौम्य आहे. पावसानंतर ती गुडघ्यांना खरोखर सोपी जाते का? की डोंगरमाथा सोडून वाल्कार्लोसच्या खोऱ्यातूनच जावे, जरी त्या वाटेचा शेवटचा चढ दमवणारा असला तरी? ज्यांनी दुखऱ्या गुडघ्यांनी हा टप्पा पार केला आहे, त्यांनी काठ्यांच्या उपयोगाविषयीही कृपया लिहावे. सामान पुढे पाठवण्याची सोय आम्ही घेणारच आहोत.